लोकरीचा खिल्लार

गेलो होतो कांदाचाळ पाहायला, अन् ओसरीवर लोकरीचा बैल पाहत बसलो! दुपारी रानातून आल्या की वहिनी क्रोशाची सुई घेतात. नमुना स्वतःच्याच डोक्यातला. खिल्लारची शिंगं लांब, मागं वळलेली. ती उभी राहीनात म्हणून तीनदा उसवली. "घरचा कापूस भरला तर धुतल्यावर गोळे होतात," म्हणून आत फायबर. डोळ्यांना मणी नाहीत, काळ्या धाग्याचे टाके. पोर तोंडात घालतं ना!

अडचण विक्रीची. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. केंद्राच्या हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना मात्र त्यातून सूट आहे. वहिनींची नोंदच नव्हती. अर्ज भरलाय, ओळखपत्र पोळ्याच्या बाजाराआधी हातात पडायला हवं.