पेशींच्या तळाशी किती ऑक्सिजन?

पेशी वाढवण्याच्या इन्क्युबेटरमध्ये वाफेने आणि 5 टक्के कार्बन डायऑक्साइडने जागा व्यापल्यावर हवेतला 20.9 टक्के ऑक्सिजन 18.6 टक्क्यांवर येतो, आणि शरीरातील बहुतेक ऊतींच्या वाट्याला याच्या निम्माही येत नसताना प्रयोगशाळांत हे 18.6 टक्के सर्रास ‘सामान्य’ मानले जातात. उलट यकृतपेशी इतक्या खादाड असतात, की साध्या बशीत, स्थिर द्रवाच्या तळाशी, त्या 18.6 टक्क्यांच्या हवेतही घुसमटू शकतात. तेव्हा पेशीला खरोखर काय मिळते, हे तिच्या लगतच मोजावे लागते.

त्यासाठी सूक्ष्मवाहिनी चिपमध्ये, म्हणजे केसाएवढ्या बारीक वाहिन्या असलेल्या पारदर्शक ठोकळ्यात, प्लॅटिनम-पॉर्फिरिन या रंगद्रव्याचा ठिपका पॉलिस्टायरीनमध्ये मिसळून बसवतात. प्रकाश पडला की तो लालसर चमकतो. ऑक्सिजनचा रेणू धडकला की रंगद्रव्याची ऊर्जा हिरावली जाते आणि चमक मालवते. या मालवण्याचे गणित श्टेर्न आणि फोल्मर यांनी 1919 मध्येच मांडले. रंग विटला की नुसती तीव्रता फसवते, म्हणून चमक किती मायक्रोसेकंद टिकते ते मोजतात. ऑक्सिजन मोजणारे क्लार्कचे विद्युतअग्र स्वतःच ऑक्सिजन खाते, हा ठिपका मात्र खात नाही, आणि वाहिनीत द्रवाचा थेंबही पुरता मावत नसताना ही गोष्ट लहान नव्हे.

सिद्धान्त असा नेटका. मेजावर मात्र 70 टक्के अल्कोहोलच्या वासात बसलेल्या संशोधक विद्यार्थिनीचा निम्मा दिवस बुडबुडे हुसकण्यात जातो. नायट्रोजन आणि हवा यांवर मापनाचे दोन टोकबिंदू ठरवून होतात, पेशी सोडल्या जातात, पंप सुरू होतो, आणि तिची नजर पडद्यावरच्या रेषेवर खिळते. चिपचे सिलिकोन रबर ऑक्सिजन आरपार जाऊ देते, त्यामुळे रेषेत पेशींची भूक किती आणि भिंतीची गळती किती, हा हिशेब सुटता सुटत नाही. सोयीसाठी निवडलेल्या या साहित्यावर चिपवाल्यांचा विश्वास जरा जास्तच आहे.

ऑक्सिजनची रेषा खाली उतरली की पेशी जिवंत असून श्वसन करत आहेत, असे विद्यार्थिनी समजते. एखादा बुडबुडा वाहिनीतून घसरत गेला आणि पेशी खरवडून घेऊन गेला, तर ठिपका मंदावतो, रेषा वर चढते आणि पुन्हा इन्क्युबेटरच्या 18.6 जवळ जाऊन स्थिरावते. अशा वेळी ती आकडा टिपून घेत नाही. पंप थांबवून चिप सूक्ष्मदर्शकाखाली सरकवते.