कुऱ्हाडीविना मरणारे वृक्ष

घाटकोपरहून मुलुंडकडे जाताना पूर्व द्रुतगती महामार्गाच्या उजव्या अंगाला ठिकठिकाणी हिरवा पट्टा दिसतो. अनेकांच्या लेखी ती दलदलीतील झुडपे. वस्तुतः ते ठाणे खाडीचे कांदळवन आहे. तिवर, कांदळ, चिप्पी हे या किनाऱ्याचे मूळ वृक्ष. यांतील पांढऱ्या चिप्पीला महाराष्ट्राने २०२० मध्ये राज्य कांदळवन वृक्षाचा मान दिला.

खाऱ्या पाण्यात अन्य वृक्ष तग धरत नाहीत. कांदळ आपल्या मुळांशीच बरेचसे मीठ अडवतो. तिवर ते पानांवाटे बाहेर टाकतो, म्हणून त्याच्या पानावर मिठाचे कण आढळतात. कांदळाचे बीज झाडावरच रुजते आणि लांब शेंगेसारखे रोप होऊन चिखलात पडते. या चिखलात प्राणवायू अत्यल्प असतो. त्यामुळे तिवराची असंख्य मुळे पेन्सिलीसारखी वर येतात आणि ओहोटीच्या वेळी हवा घेतात. हीच मुळे गाळ धरून ठेवतात, लाटांचा जोर मोडतात, मासे व खेकड्यांच्या पिलांना आसरा देतात.

२०१५ मध्ये खाडीचा सुमारे १,६९० हेक्टर भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा लाभला. घाटकोपर-मुलुंडमधील कित्येक कच्छी कुटुंबांप्रमाणे येथील रोहित पक्ष्यांचेही नाते कच्छच्या रणाशी आहे. मात्र व्यापाराकरिता आलेली माणसे येथे स्थिरावली. पक्षी पावसाळ्यापूर्वी परततात.

मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवन तोडण्यास मनाई केली, २०१८ मध्ये ती अंतिम निकालाने कायम केली. विक्रोळीत गोदरेज उद्योगसमूहाने आपल्या मालकीच्या भूमीवरील कांदळवन दीर्घकाळ जपले आहे. व्यवसाय आणि वृक्ष एकत्र नांदू शकतात, याचा हा जवळचा दाखला होय.

तथापि या वृक्षास मारण्यासाठी कुऱ्हाड लागत नाही. श्वसनमुळांवर राडारोड्याचा थर पडला किंवा बांध घालून भरतीचे पाणी अडवले, की झाड उभ्याउभ्याच सुकते. पुढे ती जागा ‘मोकळी’ समजली जाते आणि भरावाचा मार्ग सुकर होतो. जमिनीचा भाव हिशेबवहीत नोंदवता येतो. पाणी शोषणाऱ्या, लाट अडवणाऱ्या झाडाचे मोल मात्र कोणत्याच खात्यात जमा होत नाही. ते कळते अतिवृष्टीच्या दिवशी, आणि तेव्हा नुकसान दुकानाच्या उंबऱ्याच्या आत आलेले असते.

यातला काही राडारोडा घरांच्या व दुकानांच्या नूतनीकरणातूनच निघतो. कंत्राटदाराशी दर ठरवताना मालाचा, मजुरीचा हिशेब बारकाईने होतो. फोडलेल्या भिंती व फरशा कोठे जाणार, हे मात्र क्वचितच विचारले जाते. महापालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा त्यासाठीच आहे. विल्हेवाटीचा खर्च अंदाजपत्रकातच धरावा, राडारोडा कोठे टाकला याची पावती मागावी आणि ती मिळाल्यावरच कंत्राटदाराचा अखेरचा हप्ता चुकता करावा.