रविवारची पाळी

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते, चर्चमधली उपासना मात्र रविवारी. पहिली पाळी लागली की इथला ख्रिस्ती कामगार उपासनेला नसतो, मशीनपुढे असतो. त्याचा धर्म शेजारच्याला दिसायचा तर तो तिथेच दिसणार.

1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, मग टेल्को, बजाज आले. त्यांच्यामागोमाग नगरकडची मराठी ख्रिस्ती कुटुंबं आली, केरळ-तमिळनाडूचीही आली. येताना मराठी माणसांनी एक वारसा आणला. त्या वारशात प्रवचनांपेक्षा कामाला वजन जास्त आहे.

पंडिता रमाबाईंचंच बघा. 1896-97च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीत सापडलेल्या शेकडो मुली-विधवांना घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या बायका विणकाम, शेती शिकल्या, छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर याच छापखान्यात छापलं गेलं. रमाबाई ख्रिस्ती झाल्या, त्यावर पुण्यात शाई पुष्कळ सांडली. त्या मुलींना रोज जेवू कोण घालतंय, यावर त्या मानाने फारच थोडी.

कवी ना. वा. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्या तुकोबांचं देहू चाकणपासून फार लांब नाही! पण मला टिळकांपेक्षा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं उदाहरण मोठं वाटतं. नवरा ख्रिस्ती झाला तरी त्यांनी सोवळं सोडलं नव्हतं. ते सुटलं सावकाश, घरातल्या घरात, स्वतःशी भांडून. त्यांचा बाप्तिस्मा झाला तो 1900 साली. त्यांचं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचताना कळतं, की विश्वासाची खरी परीक्षा पाण्याच्या तांब्यापाशी झाली.

जामखेडला तीच परीक्षा गावाने दिली. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य 1970 साली तिथे गेलं. अवर्षणात कूपनलिका खोदायची वेळ आली, तेव्हा त्या दलित वस्तीत घेतल्या जाव्यात याकडे त्यांनी लक्ष दिलं. तहान लागलेल्या गावाला तिकडे जावंच लागलं. निरक्षर बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केलं, त्यातही दलित बायका पुष्कळ होत्या. 1979 साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

अर्थात चर्चमध्ये जात उरलीच नाही, असं म्हणणं भाबडेपणाचं. लग्नं जुळवताना ती हळूच डोकं वर काढते.

चाकणच्या कामगाराजवळ मुक्ती मिशन नाही, जामखेडही नाही. त्याच्यापुढे येतो तो तपासणीचा कागद: माल मापात नाही, पण गाडी दारात उभी आहे आणि सुपरवायझर सही मागतोय. किंवा कंत्राटी पोराच्या ओव्हरटाइमचे तास कमी लिहायला कुणीतरी सांगतं. सही नाकारली तर पुढच्या महिन्यात पाळी बदलते, कधी कामच जातं. त्याच्या घरचा हप्ता मात्र ठरल्या तारखेलाच कापला जातो.