निर्बंध उठले, पण कोणासाठी?

साथ ओसरू लागली की निर्बंध कधी उठवायचे, यावर वाद झडतो. ते कोणासाठी उठतात, हा प्रश्न मात्र मागे राहतो. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांना तो २०२१च्या पावसाळ्यात पडला.

एप्रिल २०२१मध्ये मुंबईची लोकल सर्वसामान्यांसाठी पुन्हा बंद झाली. १५ ऑगस्टला ती खुली झाली, पण लशीचे दोन डोस घेऊन १४ दिवस उलटलेल्यांसाठीच. शहापूर तालुक्यात वासिंदपासून कसाऱ्यापर्यंत अनेकांची रोजीरोटी या गाडीवर चालते. मुरबाडला तर रेल्वेच नाही. एसटीने कल्याण गाठायचे आणि तिथून लोकल पकडायची.

ही अट शास्त्राला धरूनच होती. इंग्लंडमधील अभ्यासात डेल्टाच्या लक्षणे दिसणाऱ्या आजारापासून एका डोसने सुमारे ३० टक्केच संरक्षण मिळाल्याचे दिसले. ॲस्ट्राझेनेकाच्या, म्हणजे आपल्या कोव्हिशिल्डच्या, दोन डोसनंतर ते सुमारे ६७ टक्क्यांवर गेले. दुसऱ्या डोसनंतर प्रतिकारशक्ती पुरेशी वाढायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून ते १४ दिवस.

आता कॅलेंडर पाहू. कोव्हिशिल्डच्या दोन डोसमध्ये किमान ८४ दिवसांचे अंतर होते. त्यात १४ मिळवले की ९८ दिवस होतात. म्हणजे १५ ऑगस्टला लोकलमध्ये चढायचे तर पहिला डोस ९ मेपर्यंत घेतलेला हवा. पंचेचाळिशीपुढच्यांना १ एप्रिलपासून लस खुली होती. त्याखालच्या वयोगटाचे सरकारी केंद्रांवरील लसीकरण राज्याला मे महिन्यात तुटवड्यामुळे थांबवावे लागले. १८ वर्षांवरील सर्वांना मोफत लस देण्याचे केंद्राचे धोरण २१ जूनला सुरू झाले. त्याच दिवशी कोव्हिशिल्ड घेतलेला तरुणही २७ सप्टेंबरपूर्वी पात्र ठरत नव्हता. कोव्हॅक्सिनचे अंतर २८ दिवसांचेच होते, पण देशातील बहुसंख्य डोस कोव्हिशिल्डचे होते.

विषाणूच्या दृष्टीने १५ ऑगस्टची तारीख योग्य असेलही. परंतु रोजंदारीवर जाणाऱ्या तरुणाच्या घरात त्या सहा आठवड्यांची चूल पेटायची कशी? लस घेतल्यावरच मोकळीक द्यायची असेल, तर त्याची तयारी शंभर दिवस आधी लशीच्या वाटपातच व्हायला हवी. ज्यांना घरी बसून काम करता येत नाही आणि ज्यांचे गाव फलाटापासून लांब आहे, त्यांच्यापर्यंत लस आधी पोहोचावी. पुढच्या साथीत निर्बंध उठवण्याची तारीख ठरवताना हा हिशेब आधी मांडलेला बरा.