घर्षण आणि ॲल्युमिनियमची झीज

खेड्यांतून ज्यांना ‘जर्मनची भांडी’ म्हणतात, ती ॲल्युमिनियमची भांडी होत. असे एखादे जुने भांडे स्वच्छ धुऊन वाळवावे व पांढऱ्या कोरड्या फडक्याने वर्गासमोर जोराने घासावे. फडक्यावर काळसर डाग उमटतो. मुले त्यास मळ समजतात. परंतु त्यात खुद्द धातूचे अतिसूक्ष्म कणही असतात.

ही झीज कशी होते? डोळ्यांना गुळगुळीत दिसणारा पृष्ठभाग वस्तुतः उंचसखल असतो. दोन पृष्ठभाग एकमेकांवर टेकले असता त्यांचे केवळ उंचवटेच परस्परांस स्पर्श करतात आणि सारा भार त्या थोड्या ठिकाणी एकवटतो. ॲल्युमिनियमवर हवेतील प्राणवायूमुळे ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर नेहमी असतो. हा थर कठीण, तर त्याखालील धातू मऊ. घसरताना थर फुटला की उघडा पडलेला धातू समोरच्या धातूस चिकटतो व त्याचे कण उपटले जातात. या कणांवरही ऑक्साइड चढते आणि ते मध्ये सापडल्यास कानशीप्रमाणे पृष्ठभाग खरवडतात. अशा रीतीने एक झीज दुसरीस कारण होते.

आर्चर्ड या शास्त्रज्ञाने १९५३ साली मांडलेल्या नियमानुसार झीज ही भार व घसरण्याचे अंतर यांच्या सम प्रमाणात, तर मऊ पृष्ठभागाच्या कठीणपणाच्या व्यस्त प्रमाणात असते. ॲल्युमिनियमच्या बाबतीत मात्र भार ठराविक मर्यादेपलीकडे गेल्यास झीज एकाएकी वाढते.

मोटारसायकलीच्या इंजिनातील दट्ट्या, म्हणजे पिस्टन, बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. कारण तो वजनास हलका असतो. त्यात पुष्कळदा सुमारे १२ टक्के सिलिकॉन मिसळतात. सिलिकॉनचे कठीण कण भार पेलतात व झीज कमी होते. शिवाय तेलाचा पातळ थर दोन्ही पृष्ठभागांस अलग ठेवतो. तेल संपले तर उष्णता वाढते, धातू धातूस चिकटतो आणि चालते इंजिन जाम होते.

हा पाठ शिकविताना शिक्षकांनी मुलांच्या मनावर एक गोष्ट बिंबवावी. वाळूने घासून भांड्यास आणलेली चकाकी ही धातू खर्ची घालून मिळविलेली असते. भांडे साबण व मऊ फडक्याने घासावे आणि यंत्रास वेळेवर तेल द्यावे, म्हणजे दोन्ही अधिक काळ टिकतात.