पिसांची पूड, फुप्फुसाला सूज

कबुतर गडद कापडावर फडफडून गेलं की मागे पांढुरकी पूड उरते. ही पूड आणि वाळलेल्या विष्ठेतली प्रथिनं श्वासावाटे आत जातात. काहींची प्रतिकारशक्ती त्यांच्यावर तुटून पडते आणि फुप्फुसालाच सूज येते. याचं नाव हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. हा संसर्ग नव्हे, एकाकडून दुसऱ्याला लागत नाही.

तीव्र प्रकारात पिंजरा साफ केल्यावर ४ ते ८ तासांनी थंडी-ताप, खोकला, धाप. एक-दोन दिवसांत उतारा पडतो, म्हणून ‘व्हायरल असेल’ म्हणत सोडून दिलं जातं. खरा दगाबाज संथ प्रकार. घरात लव्हबर्ड्सची एखादीच जोडी, ताप नाही, फक्त जिना चढताना दम. तोवर फुप्फुस आतून कडक होत जातं, आणि ते पुन्हा मऊ होत नाही.

पक्षी पाळलेलाच हवा असंही नाही. एसीमागचं कबुतराचं घरटं पुरतं. ब्रिटनमधल्या ४३ वर्षांच्या एका गृहस्थांना तर पिसं भरलेल्या नव्या रजई-उशांनी अंथरुणाला खिळवलं. ही हकिगत २०१९मध्ये ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’मध्ये आली. छातीच्या साध्या एक्स-रेत हा आजार अनेकदा निसटतो, एचआरसीटी म्हणजे बारकाईचा सीटी स्कॅन लागतो. त्याआधी घरात पोपट असेल तर डॉक्टरांना सांगा. ते विचारतीलच असं नाही.

औषधांत स्टेरॉइड असतात, पण मूळ उपाय पक्ष्यांपासून दूर राहणं. पिंजरा गेला तरी पडद्यांत, गाद्यांत पूड महिनोन्‌महिने टिकते. ती झाडूने उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा, तेही रुग्णाने नव्हे.