सायकलफेरी संपल्यावर घरात काय बोलायचे?

आपल्या नाशिकला सायकल नवी नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळी धरण्यासाठी हँडलला डबा अडकवून किती बापांनी उमेदीची वर्षे काढली, हे घराघरांत ठाऊक आहे. पुढे याच शहराने सायकलीला आणखी एक काम दिले. 2015 साली नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन हे सख्खे भाऊ 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' या शर्यतीत उतरले. सुमारे 4,800 किलोमीटरचे अंतर त्यांनी आळीपाळीने नऊ दिवसांच्या आत कापले. आदिवासींच्या डोळ्यांच्या उपचारांसाठी मदत उभी करावी, हा त्यामागचा हेतू होता.

डोळ्यांसाठी देणगी मागणे त्यामानाने सोपे. पट्टी सुटली, माणसाला दिसू लागले, देणाऱ्याला समाधान. पण मुलांवरील लैंगिक अत्याचार रोखण्यासाठी सायकलफेरी काढायची, तर पावतीपुस्तक घेऊन दारात काय सांगायचे? "आमच्या वस्तीत असले काही नाही," असे म्हणून दार लागायचे.

खरेच नाही का? केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 साली एक पाहणी प्रसिद्ध केली. महाराष्ट्रासह 13 राज्यांतील 12,447 मुलांशी बोलून ती केलेली होती. त्यातील 53 टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास सोसल्याचे सांगितले. त्यांत मुलग्यांचे प्रमाण मुलींपेक्षा किंचित अधिकच होते! आणि त्रास देणाऱ्यांपैकी निम्मे ओळखीचे, विश्वासातले. म्हणजे आपण पोरीला अंधारात बाहेर जाऊ नको म्हणतो, पण धोका पुष्कळदा आपल्याच पाटावर बसून चहा पीत असतो.

म्हणून भगिनींनो आणि बंधूंनो, फेरीत घोषणा देऊन आलात की घरी मुलांशी बोला. आंघोळ घालताना शरीराच्या अवयवांची नावे लाज न बाळगता सांगा. कोणी नको तिथे हात लावला, 'आईला सांगू नको' म्हणाला, तर लगेच सांगायचे, हे पुन:पुन्हा सांगा. एखाद्या नातेवाइकाकडे जायला मूल रडते, अंथरूण ओले करू लागते, शाळा नको म्हणते, तेव्हा चापट मारण्याआधी जवळ घेऊन विचारा. मुलग्यालाही विचारा. त्याने सांगितले तर "खोटे बोलतोस" हा शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. एकदा गप्प झालेले मूल पुन्हा बोलेलच असे नाही.

आता कायद्याचे. 14 नोव्हेंबर 2012 पासून 'पोक्सो' कायदा लागू आहे. अठरा वर्षांखालील मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही त्याचे संरक्षण आहे. गुन्हा झाल्याचे कळूनही पोलिसांना न कळवणे हाही गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तेव्हा वस्तीतल्या चार वडीलधाऱ्यांनी बसून, समाजाची अब्रू जाईल म्हणून प्रकरण मिटवायचे, हा जुना रिवाज आता चालणार नाही. स्पष्टच सांगायचे तर तो पूर्वीही चालायला नको होता. अब्रू त्या लेकराची गेलेली नसते.

पोलीस ठाण्याची धास्ती गरिबाला असते, ती खोटी नाही. पण मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यावा, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने घ्यावा, पोलिसाने गणवेश घालू नये, जवळ आईबाप किंवा मुलाच्या विश्वासाचे माणूस असावे, असे कायदाच सांगतो. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. त्याचे नाव-गाव वर्तमानपत्रात देण्यासही मनाई आहे. हे तोंडपाठ असलेला एक कार्यकर्ता सोबत असला, तरी आईला केवढा धीर येतो!

1098 हा मुलांच्या मदतीचा दूरध्वनी 1996 साली मुंबईत सुरू झाला. 2023 पासून तो सरकार चालवते. त्याला पैसे पडत नाहीत. शिवाय राज्याची 'मनोधैर्य' योजना 2013 पासून आहे. पीडित मुलांना अर्थसाहाय्य मिळते, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे लागते.

सायकलफेरीचा निधी जमलाच, तर टोप्या आणि हारतुऱ्यांवर घालवू नये असे आम्हाला वाटते. चार महिला कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण, न्यायालयाच्या तारखेला मायलेकरांचे रिक्षाभाडे, त्या दिवसाची बुडालेली मजुरी, इथे तो जावा. आणि विहाराच्या फळ्यावर, रविवारच्या वंदनेला येणाऱ्या मुलांना वाचता येईल इतक्या खाली, 1098 हा आकडा रंगवून घ्यावा.